पैशाचं बघू नका, डॉक्टर

सोनूबाई : पोरी, परत एकदा वाच बघू. सावकाश.

तहरीम : एक लाख अडतीस हजार, मावशी.

सोनूबाई : आमच्या मालकांचंच बिल हाय न्हवं? दुसऱ्या कुणाचं कागद आलं नसंल?

तहरीम : केरबा कांबळे, वय एकसष्ट, तालुका शाहूवाडी. पोटात अपेंडिक्स फुटलेलं, पहाटे चारला तातडीचं ऑपरेशन. तुमचेच ना?

सोनूबाई : आमचंच. पण फोनवर तर सत्तर-पंचाहत्तर सांगितलंतं. मी नेसरीला लेकीच्या बाळंतपणाला गेलते. तिथनं फोन केला तवा हे भावजीच बोलले. व्हय की न्हाय, भावजी?

आकाराम : व्हय वहिनी. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर सत्तरच म्हणालं. ह्या कानानं ऐकलंय.

सोनूबाई : मी बचत गटातनं ऐंशी उचलून आणल्यात. वाटलं, वर औषधाला उरतील. हितं तर दुप्पट व्हायला आलं!

तहरीम : सत्तर हा जनरल वॉर्डचा अंदाज असतो, मावशी. तुमच्या फॉर्मवर डीलक्स रूम लिहिलंय.

सोनूबाई : डीलक्स? आमचं माणूस तर जनरल वॉर्डात खिडकीकडंच्या कॉटवर हाय. आत्ता चहा पाजून आले.

तहरीम : एसी सोसेना म्हणून दुसऱ्याच दिवशी ते स्वतःच तिकडे गेले. पण खोली त्यांच्या नावावर चालूच राहिली.

सोनूबाई : मग त्या खोलीत कोण व्हतं? भावजी, तिकडं छताकडं काय बघतायसा?

आकाराम : आता काय सांगू, वहिनी. गावाकडनं माणसं बघायला आलती. त्यास्नी काय बाहेर बाकड्यावर बसवायचं? मोकळी खोली, भिंतीएवढा टीव्ही, कुस्तीचं मैदान चाललेलं...

सोनूबाई : किती जण?

आकाराम : आठ. विजयसिंह तर दोन दिवस गिझरच्या पाण्यानं आंघूळ करून गेला.

सोनूबाई : बरं. खोलीचं भाडं किती झालं, पोरी?

तहरीम : तीन दिवसांचे बारा हजार.

सोनूबाई : आणि बाकीचं पन्नास कशानं वाढलं? खोलीत कोण झोपलं ह्याचा पोट कापण्याशी काय संबंध?

तहरीम : तेच समजावते. हा कागद बघा. इकडच्या रकान्यात जनरल, तिकडच्या रकान्यात डीलक्स. ऑपरेशन इकडे तीस हजार, तिकडे साठ.

सोनूबाई : डॉक्टर दुसरा असतोय?

तहरीम : नाही, एकच.

सोनूबाई : टेबल दुसरं?

तहरीम : तेही एकच.

सोनूबाई : मग चाकू सोन्याचा असतोय काय?

तहरीम : (हसत) नाही मावशी. खोली वरची घेतली की सगळ्याचाच दर वर जातो. भूल द्यायचे दहाचे वीस. डॉक्टर येऊन बघून गेले, त्याचेही दुप्पट.

सोनूबाई : आणि ही वरची खोली मागितली कुणी?

आकाराम : तसं मागितली न्हाय म्या. केरबा पिकअपमध्ये नुसता तळमळत हुता. मलकापूर सोडलं तवापास्नं माझा हात दाबून धरलेला. हितं आलो तर एक पोरगं विचारतंय, जनरल का डीलक्स? मला राग आला, वहिनी! म्हटलं, माणूस मरायला लागलंय आणि तू खोल्या इचारतोस? पैशाचं बघू नका, डॉक्टर! जे भारी असंल ते लावा! आणि केली सही.

सोनूबाई : एवढ्या मोठ्यानं?

आकाराम : मोठ्यानंच. वॉचमन बी आत आला.

सोनूबाई : दर इचारला?

आकाराम : त्या टायमाला दर इचारणारा माणूस कसला? काळजी करू नका वहिनी, वरचं माझ्याकडं लागलं. घरात दुभती म्हैस हाय. दुपारी गिऱ्हाईक यायचंय.

सोनूबाई : म्हैस इकतोय म्हणं! आणि दूध काय टीव्हीचं काढणार? गप बसा. पोरी, ह्यातनं काय वाट हाय का बघ.

तहरीम : एक सोपी वाट आहे. फॉर्मवर नात्याच्या जागी मामांनी 'सख्खा भाऊ' लिहिलंय. पेशंट कांबळे आणि सही आकाराम चौगुले. मला तेव्हाच शंका आली होती. मामा, तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की मी पेशंटचा कोणीही नातेवाईक नाही, खोली ठरवायचा मला अधिकार नव्हता. मग ती सही बाद करा असं मला सरांना सांगता येईल.

आकाराम : काय लिहू?

तहरीम : मी पेशंटचा कोणीही लागत नाही.

आकाराम : ते जमायचं न्हाय.

सोनूबाई : भावजी...

आकाराम : न्हाय वहिनी. म्हैस जाऊ दे, पिकअप जाऊ दे. पोरी, दुसरीपास्नं एका बाकावर बसलोय आम्ही. त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली म्हणून घरात मार खाल्लाय म्या, आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन खाल्लीय. आता साठीला आल्यावर कागदावर लिहून देऊ, कोण लागत न्हाय म्हणून? उद्या त्यानं वाचलं तर?

सोनूबाई : राहू दे, पोरी. त्यो कागद नगंच आमाला. साठ हजार वाचत असले तरी नगं.

तहरीम : मला तसं म्हणायचं नव्हतं, मामा.

सोनूबाई : तुझं काय चुकलं न्हाय. आता खरं काय घडलं त्यावर बोलू. हे दोन रकान्यांचं कागद ह्यास्नी त्या वेळी दाखवलं व्हतं?

तहरीम : ...फाइलमध्ये तशी सही नाही. अंदाजपत्रकाची जागा कोरी आहे.

सोनूबाई : मग माणसानं बघायचं कुठं?

तहरीम : दरांचा फलक लावलेला असतो. दर्शनी भागात लावायचा नियमच आहे. रुग्णांच्या हक्कांचाही असतो.

आकाराम : कुठाय? मला तर गणपतीचा फोटो तेवढा दिसला.

तहरीम : तो काय, त्या... कुंडीच्या मागं.

आकाराम : ह्या झाडाच्या? थांब, सरकवतो. आयला, जड हाय! हां, निघाला. वहिनी, सगळं लिवलंय की हितं! जनरल, सेमी, डीलक्स... आणि हे बघा. 'बिल थकले म्हणून रुग्णास अडवून ठेवता येणार नाही.'

सोनूबाई : म्हंजे आज आमचं माणूस घरला जाणार?

तहरीम : जाणारच. बिलाचा वाद असला तरी. मावशी, तुम्ही अर्ज करा. मी सांगते कसा.

आकाराम : मी सांगतो, ल्हे. 'छत्रपतींच्या ह्या पावन नगरीत, अन्यायाच्या छाताडावर पाय देऊन...'

सोनूबाई : भावजी, मैदानात न्हाय आपण. पोरी, तू सांग.

तहरीम : तीनच गोष्टी. एक, पेशंट बेशुद्धीला टेकलेला असताना सही घेतली. दोन, दोन्ही दर दाखवले नाहीत, फलकही झाडामागे होता. तीन, पेशंट जनरल वॉर्डात राहिला, म्हणून त्या दरानं बिल करावं. खाली नाव आणि सही.

सोनूबाई : आणि चार. खोली आमच्या माणसांनी वापरली, तिचं भाडं आम्ही देणार.

तहरीम : ते लिहायची गरज नाही, मावशी.

सोनूबाई : हाय की. आंघुळी केल्यात.

तहरीम : बरं. मी सरांना फोन लावते... हॅलो, विश्वजित सर? तहरीम बोलतेय, बिलिंगमधून. कांबळेंची फाइल. हो, डीलक्स. सर, अंदाजपत्रकावर सही नाहीये. नाही, एकाचीही नाही. फलक आहे सर, पण कुंडीमागं होता... आता दिसतोय. पेशंटच्या मित्रांनी सरकवली. नाही सर, भांडत नाहीयेत. उलट खोलीचं भाडं आपणहून देतायत... हो, अर्जावर लिहून. मला माहितेय सर, मला लागून चारच महिने झालेत. पण कागद जसा आहे तसाच मी सांगणार ना? ...हो. ...हो सर. ठेवते.

आकाराम : काय म्हणालं?

तहरीम : आधी म्हणाले, कुंडी तिथं कोणी ठेवली?

सोनूबाई : आणि मग?

तहरीम : मग म्हणाले, जनरलच्या दरानं करून टाक. सत्याहत्तर हजार. खोलीचे बारा वेगळे.

आकाराम : वा रं पठ्ठी! ह्येला म्हणत्यात—

सोनूबाई : वरडू नगा, दवाखाना हाय. सत्याहत्तर माझ्याकडं हाईत. बारा हजार, आठ माणसं. पोरी, किती पडतंय?

तहरीम : दीड-दीड हजार.

आकाराम : मी आज गावात फिरून गोळा करतो. विजयसिंहाकडनं दोन घेणार, गिझरचं.

सोनूबाई : नऊ जण धरा. माझी भैन बी एक रात्र तिथंच झोपलीती. तिचं मी देते.

तहरीम : मावशी, इथं सही करा. आणि पुढच्या वेळी कोणी कितीही घाईत असलं तरी दर विचारा. विचारायला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात कोणी उपचार थांबवत नाही.

सोनूबाई : ऐकलं का, भावजी?

आकाराम : ऐकलं. इचारीन. पण हळू आवाजात जमंल का न्हाय, सांगता येत न्हाय.

सोनूबाई : घ्या, ही पावती. आता वर जावा आणि ह्यास्नी धरून आणा. आणि वाटंत काय बोलू नगा त्यांच्यासंगं. तुमच्याबरं हसायला लागलं की टाकं दुखत्यात त्यांचं.