चौथं शील आणि पाटवडीचा रस्सा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय धम्मशीलाताई वासनिक, लंडनच्या पिनरहून ट्रॅफिक सोसून वेळेवर पोहोचलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक विक्रांत मेश्राम सर, आपले सत्कारमूर्ती सुखदेव गजभिये आणि अर्चना वहिनी, आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा शांताबाई खोब्रागडे, या हॉलचा कारभार बघणाऱ्या आणि माझं मराठी कळत नसूनही पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या बेव्हर्ली, आणि माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

मी रचना, मंडळाची चिटणीस. चिटणिसाने प्रास्ताविक थोडक्यात करावं असा संकेत आहे. तो मी मोडणार आहे, आणि धम्मशीलाताईंनी घड्याळाकडे बघितलं तरी मी त्यांच्याकडे बघणार नाही.

सुखदेव येत्या शनिवारी नागपूरला परत जातो आहे, कायमचा. निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. मग मी आधी अवगुण सांगून मोकळी होते. सुखदेवला स्वयंपाक येत नाही. अर्चना वहिनी मान हलवतायत, म्हणजे ठरावाला अनुमोदन मिळालं. तरीसुद्धा गेली काही वर्षं आपल्या मंडळाचं स्वयंपाकघर हाच माणूस सांभाळतो. हे असं कसं झालं? इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ते माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याची इतकी वेगवेगळी रूपं पसरवली आहेत की आज एकदा नीट सांगायलाच हवं.

सुखदेव पुण्याहून इकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसला बदलून आला, त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट. तो सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि चारचौघांत सांगायच्या, यासाठी त्याला पगार मिळतो. अर्चना वहिनी म्हणतात, घरी हे काम तो फुकट करतो.

बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम याच हॉलमध्ये होता. बेव्हर्ली तेव्हाही इथे होत्या. दर वर्षी त्या आपल्याला हॉल उघडून द्यायच्या, आपलं जेवण चालू असलं की कोपऱ्यात बसून स्वतःच्या डब्यातलं चीज सँडविच खायच्या. आपण आग्रह करायचो, त्या हसून नको म्हणायच्या. त्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि ती पुरळ उठून थांबणारी नाही, थेट हॉस्पिटल गाठायला लावणारी आहे. आणि शांताबाईंच्या पाटवडीच्या रश्शाचा जीव म्हणजे दाण्याचं कूट.

त्या वर्षी शांताबाईंच्या मनाने घेतलं, की ही बाई आपल्या बाबासाहेबांच्या जयंतीला दर वर्षी सँडविच खाते, हे बरं दिसत नाही. त्यांनी बेव्हर्लींना शब्द दिला, या वर्षी रश्शात दाणे नाहीत, तीळ आणि सुकं खोबरं घालीन, तू आमच्या पंगतीला जेव. बेव्हर्लींनी विचारलं, "आर यू शुअर?" शांताबाई म्हणाल्या, "माय वर्ड." त्यावर बेव्हर्ली हो म्हणाल्या. जयंतीच्या दिवशी त्यांनी डबा आणला नव्हता.

हे मला माहीत होतं. स्वयंपाकघरात कुणालाच माहीत नव्हतं. शांताबाईंची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. त्या काय करायचं ते सांगतात, का करायचं ते सांगत नाहीत.

सुखदेव तोवर फक्त कांदा चिरायला होता. त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून त्याला बढती मिळाली. शांताबाई वंदनेची तयारी बघायला बाहेर जाताना म्हणाल्या, "दोन मग पाणी टाक अन् हलवत राय."

आता माझा सभागृहाला प्रश्न आहे, 'मग' म्हणजे काय? शांताबाई चाळीस वर्षं या देशात आहेत. त्यांच्या लेखी मग म्हणजे चहाचा. सुखदेव नवा होता. त्याच्या लेखी मग म्हणजे बादलीशेजारी असतो तो. तसा मग त्याला सापडला नाही, म्हणून त्याने त्यातल्या त्यात जवळचं भांडं घेतलं. ते म्हणजे ओट्याखालचा प्लॅस्टिकचा भला मोठा जग. दोन जग पाणी गेलं. पाटवड्या पोहायला लागल्या.

इथे कुणालाही हाक मारता आली असती. पण शांताबाईंचा रस्सा आपल्या हातून बिघडला, हे शांताबाईंना सांगायचं? सुखदेवने टेस्टरसारखा विचार केला. रश्शाला दाटपणा दाण्याने येतो, हे त्याला माहीत होतं. तो मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि पीनट बटरच्या दोन मोठ्या बरण्या घेऊन आला. तेसुद्धा स्मूथ. मी नंतर त्याला विचारलं होतं, स्मूथ का? तो म्हणाला, "क्रंची दाताखाली आलं असतं तर पकडलो गेलो असतो."

शांताबाई परतल्या. त्यांना त्या दिवशी कडक सर्दी होती, नाक पूर्ण बंद. त्यांनी पळीने थोडा रस्सा हातावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "बाप्पा, तिळानं तं चांगलीच चव आणली."

सुखदेव हात पुसत बाहेर निघाला. हॉलमध्ये येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

व्यासपीठावर आपले मेश्राम सर बोलत होते. सर, आपण आज इथे आहात म्हणून मी शब्द जपून वापरते आहे. सरांचा विषय होता पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. ते तासभर चालणार, अशी लक्षणं होती. बेव्हर्लींना मधूनच उठून मागची खोली दुसऱ्या एका ग्रुपसाठी उघडून द्यायची होती, म्हणून शांताबाईंनी त्यांचं ताट आधीच वाढलं. बेव्हर्ली ताट घेऊन शेवटच्या रांगेत टेकल्या. मला ते बघून इतकं बरं वाटलं, की मी सुखदेवच्या कानात म्हणाले, "बघ, आज बेव्हर्ली पहिल्यांदा आपलं जेवतायत. त्यांना शेंगदाणे चालत नाहीत ना, म्हणून शांताबाईंनी मुद्दाम कूट घातलं नाही."

माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, असं आपण म्हणतो. मी तो उडताना बघितला. त्याने मागे वळून पाहिलं. बेव्हर्ली चमच्यावर फुंकर घालत होत्या.

सरांनी नेमका त्याच क्षणी हात उंचावून सभागृहाला प्रश्न केला, "मित्रहो, असत्य म्हणजे नेमकं काय?"

आणि सुखदेव खुर्चीवरून उठून जिवाच्या आकांताने ओरडला, "पीनट बटर!"

लोक हसले. सर थांबले. माझा अंदाज असा, की पाली वाङ्मयात हा अर्थ कुठे आला आहे, याचा ते प्रामाणिकपणे विचार करत असावेत. पण त्या संपूर्ण भाषणात बेव्हर्लींना कळलेले शब्द एवढेच दोन होते. त्यांनी चमचा तोंडापासून खाली आणला, ताटात ठेवला आणि ताट बाजूच्या खुर्चीवर सरकवलं. तोवर सुखदेव खुर्च्या ओलांडत त्यांच्यापाशी पोहोचला होता. त्याने विचारलं, "डिड यू ईट?" त्या म्हणाल्या, "नॉट येट, लव्ह."

हसू एकदम थांबलं.

मग तो पुढे आला. धम्मशीलाताईंकडून माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. पाणी, दुकान, बरण्या. "रस्सा माझ्यामुळे बिघडला, तो मी लपवला. कुणाला शेंगदाण्याचा त्रास असेल तर कृपया खाऊ नका. शांताबाईंना यातलं काही माहीत नाही." हेच सगळं त्याने इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पळी. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "किती बरण्या?"

"दोन."

"मले विचारलं काऊन नाही रे?"

"भीती वाटली."

त्या आत निघून गेल्या.

बंधू-भगिनींनो, आता यातला सगळ्यात दुःखद भाग. बाकीच्यांनी तो रस्सा खाल्ला, आणि आजवरच्या जयंत्यांमध्ये इतका फक्कड रस्सा झाला नव्हता, असं सगळ्यांनी शांताबाईंना जाऊन सांगितलं. चार जणांनी रेसिपी मागितली. बेव्हर्ली तर गाडी काढून सँडविच आणायला निघून गेल्या होत्या. शांताबाईंनी सुखदेवशी पुढे बुद्ध पौर्णिमा जवळ येईपर्यंत अबोला धरला. त्याची चूक त्यांनी माफ केली होती, ती स्तुती नाही.

मी त्याला त्या संध्याकाळी भांडी विसळताना विचारलं होतं. म्हटलं, अरे, बेव्हर्लींचा फोन आलाय असं काहीतरी सांगून ताट हळूच उचलता आलं असतं, एवढी शोभा कशाला करून घेतलीस? तो म्हणाला, "बेव्हर्लींचं कळलं म्हणून. ज्यांचं कळलं नाही त्यांचं काय? त्या पातेल्यात काय आहे ते अख्ख्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं. एवढं एकट्याने धरून ठेवायला मला जमलं नसतं."

पौर्णिमेच्या आधी आपली बैठक झाली. स्वयंपाकघर कुणी सांभाळायचं, हा विषय होता, कारण शांताबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या तिघींची नावं आली. शांताबाई म्हणाल्या, "सुखदेवले द्या." आपण सगळे चकित झालो. ज्या माणसाशी त्या बोलत नव्हत्या, त्याचं नाव. धम्मशीलाताईंनी कारण विचारलं. शांताबाई म्हणाल्या, "या तिघी चुकतील तं मले कळू देणार नाहीत. मीबी नसतं कळू दिलं. मीबी तं कुणाले सांगितलं नव्हतं, दाणे काऊन नाही टाकायचे. हा पोट्टा चुकते, पन सांगते." आणि मग त्याच्याकडे वळून, अबोला संपवत म्हणाल्या, "पन पानी तू टाकायचं नाही."

तेव्हापासून आजपर्यंत सुखदेवने एकदाही पळी हातात घेतलेली नाही. तो दारात उभा राहतो. कोण काय घालतंय ते विचारतो, आणि ज्याच्याकडून काही बिघडलं त्याला आधी चहा देतो, मग विचारतो. त्याच्या कारकिर्दीत आपल्याला मीठ दोनदा पडलेलं वरण, न शिजलेला भात आणि एकदा साखरेऐवजी मिठाची खीर, हे सगळं वेळेत कळलं. आधीसुद्धा हे होतच असणार. आपण ते मुकाट्याने खात होतो.

नागपूरच्या नव्या कंपनीने सुखदेवकडे ऑफिसबाहेरच्या एका माणसाचं नाव मागितलं होतं, चौकशीसाठी. या बहाद्दराने शांताबाईंचं दिलं. फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी होते, त्यांनी स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, "मॅडम, सुखदेव गजभियेंवर विश्वास ठेवता येईल का?"

शांताबाईंनी विचार करायला वेळ घेतला. मला वाटलं, नोकरी गेली.

त्या म्हणाल्या, "त्याच्या हातचं मी खानार नाही. पन त्यानं 'खा' म्हटलं का बेव्हर्ली डोये मिटून खाते."

नोकरी मिळाली, ते आपण जाणताच.

आता आवरते. हॉलसाठी बेव्हर्लींचे, वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि आज त्यांचं भाषण कुणीही मध्येच तोडणार नाही, या भरवशावर आलेल्या मेश्राम सरांचे मी मनापासून आभार मानते. सुखदेव, तुझे आभार मानायला मला जमणार नाही, मी रडेन, आणि अजून सूत्रसंचालन बाकी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या स्वयंपाकाला जास्तीचं बोलले असेन, तर ते इथेच मला सांगा, घरी जाऊन एकमेकांना सांगू नका. मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

जय भीम. नमो बुद्धाय.