फहदचे मार्क

फहदला मी नापास का केलं नाही, ते सांगतो. सौदीकरणात आमच्या जेद्दाच्या वसाहतीत गस्तीला परदेशी पहारेकऱ्यांच्या जागी स्थानिक माणसं आली. रहिवाशांना विचारून मी, वसाहतीचा मुदीर म्हणजे व्यवस्थापक, त्यांना मार्क द्यायचे, त्यावर ती कायम होणार. फहदबद्दल सगळ्यांची एकच तक्रार होती: गस्त सोडून एका पायरीवर चहा पीत बसायचा.

लांबच्या रजेवरून तो त्याच्या गावाहून, बुरैद्याहून परतला, तसं मी झापलं, "कोणाची पायरी रे?"

"तुमचीच, मुदीर! मदाम हाक मारून बसवतात. त्यांना विचारा ना, पूर्ण मार्क देतील."

त्याच्या रजेतच माझी बायको सुनीता वारली होती. माझ्या तोंडून निघालं, "ती गावी गेलीय."

"मग त्या आल्यावरच मार्क द्या. मी थांबतो."

म्हटलं, "बरं. थांबू."