पुसलेली नणंद

मंडळी, पाटीवरचं अक्षर पुसता येतं, भिंतीवरचा डाग पुसता येतो. पण घरातलं माणूस पुसता येतं का? माना डोलावू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी करून पाहिलंय! मी तिसरी शिकलेली बाई, मला काय कळतंय. पण ऐका.

उमाकांत नावाचा एक गृहस्थ. बायको सुनेत्रा, मोबाइलात तरबेज! बहीण कुमुद, दोन गल्ल्या सोडून दिलेली. यंदा दिवाळीचे अनारसे तळताना तुपात फुटले. कुमुद चार बायकांत म्हणाली, "वहिनी, तुझे अनारसे हसले गं." अनारसे हसले, बायका हसल्या, सुनेत्रा तेवढी हसली नाही.

तिनं शुभेच्छांचं कार्ड घरीच करायला घेतलं. फोटो गेल्या वर्षीचा. पाटावर उमाकांत, समोर ओवाळणारी कुमुद. स्क्रीनवर बोट घासलं की नणंद गायब! केवढी ही विद्या! आमच्या सासवांना जन्मात जमली नाही. तबक मात्र हवेतच राहिलं. मग आपल्या लग्नातला फोटो कापून त्या तबकामागं स्वतःला उभं केलं, खाली आयता मजकूर चिकटवला, नि धाडलं सगळ्या नातेवाइकांना.

पहिला फोन तिच्या आईचा. "अगं, जावई तुझा भाऊ कधी झाला?"

मजकूर काय होता? भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा!

सगळे हसले. उमाकांतही हसला, शहाणाच तो! कार्ड कुमुदनंही पाहिलं.

दरवर्षी ती येऊन ओवाळायची. यंदा भाऊबीजेला उमाकांत नवा सदरा घालून दिवसभर वाट बघत बसला. बहीण आली नाही. तेव्हा कुठं याच्या डोक्यात उजेड पडला. दिवेलागणीला तिच्या दारात पोचला, तर कुमुद अंगणात उभी, चंद्राच्या कोरीला ओवाळतेय.

बायांनो, चंद्राला कोण ओवाळते? जिला भाऊ नाही ती.

उमाकांत म्हणाला, "ताई, मी आहे ना गं अजून."

"तू आहेस रे," कुमुद म्हणाली. "मी कुठंय?"

तो तसाच मातीत बसला, नव्या सदऱ्यासकट. तिनं निरांजनात तूप घातलं. पण हात उचलला नाही. म्हणाली, "आधी सुनेत्राला घेऊन ये. तिच्यासमोर ओवाळते." आणि तो गेला, घेऊनही आला!

आता तुमचं बोला. कुणाला पुसलंय? देवाला ठाऊक आहे, शेजारणीलाही ठाऊक आहे. प्रसाद घ्या, आणि घरी जाताना त्या माणसाच्या दारावरून जा. माझ्याकडे बघून हसता काय? उठा.