आबा आणि मोडलेला पाय

तुमी हसाल, पण मनालीला बर्फावर स्कीइंग करायला गेलतो आन् पाय मोडून पाटोद्याला परत आलो. मांडीपर्यंत प्लास्टर होतं. बायको सकाळीच नोकरीवर जायची, मग संडास-लघवीला आबाच मला काखेत धरून न्यायचे. सत्तरीतल्या बापाकडून अशी सेवा करून घ्यायची लई लाज वाटायची. म्हणून मी पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. तिसऱ्या दिवशी ते आबांच्या ध्यानात आलं.

"पानी कावून पीत न्हाईस रे?"

"तुमाला सारखं उठवायला नको वाटतं, आबा."

आबांनी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला.

"दोन वर्साचा होईस्तोवर तू चालत नव्हतास. दिवसभर माझ्या खांद्यावर असायचास. तवा काय मला इचारून मुतायचास? पी गुमान!"