अर्धं बोट जास्त

— नाही नाही मॅडम, तो वास चामड्याचा नाही, करंजाच्या तेलाचा. हात फिरवा ना, भ्यायचं काय त्यात! आमच्याकडे हवा दमट, खाडी इथून हाकेवर, चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून तेल चोळून ठेवायचं. मागे बांद्र्याच्या एक बाई आल्या होत्या, त्यांनी नाकाला लावून डोळेच मिटले, म्हणाल्या, समुद्राचा सुगंध! मी म्हटलं, अगदी बरोबर. आता करंज काय समुद्रात उगवतो? पण बाई खूश, मग मी कशाला मध्ये तोंड घालू? आणि फोनचं कव्हर नाही हां म्हणायचं, केस म्हणायचं. माझा पुतण्या मुंबईला जाहिरातीत आहे, त्यानं सांगितलंय — काका, कव्हर म्हटलं तर लोक दोनशे देतात, केस म्हटलं की साडेआठ हजार. आणि देतात हो! बसा ना. त्या खुर्चीवर नको — ती धर्माजींची, आमच्या कारागिरांची. म्हणजे आजच्यापुरती त्यांची. तुम्ही इकडे बसा, वारा लागेल.

तर तुमच्या रिसॉर्टसाठी तीनशे नग, प्रत्येक खोलीत पाहुण्याला भेट — मॅडम, खोटं कशाला बोलू, फोन ठेवला आणि मी श्रीवर्धनला जाऊन पेढे घेऊन आलो. तीन वर्षं झाली या धंद्याला, शनिवार-रविवारचे पर्यटक सोडले तर विचारतंय कोण? हे तीनशे गेले म्हणजे मी उभा राहिलो. नाही गेले तर पुन्हा आपलं सुपारीच्या वाड्या दाखवत फिरायचं, हा प्लॉट घ्या, तो प्लॉट घ्या. आणि तुमची अट काय, तर आमच्या कार्डावर छापलंय तसा फोटो पाहिजे. वाचलंय ना कार्ड? ‘चार पिढ्यांची परंपरा. आमच्या घराच्या ओटीवर बसून, घरातल्याच माणसाच्या हातून.’ पुतण्यानं लिहिलं, मी फक्त हो म्हटलं. चार पिढ्या आहेतच की! त्यांच्या आहेत, पण आमचं घरही चार पिढ्यांचंच आहे, त्यात खोटं काय? हां, आता ओटीचं म्हणाल तर... ते बसतात पाठीमागे. गोठ्यात. जुना गोठा हो, गुरं कधीच विकली, पत्रा नवीन टाकलाय, हवा काय खेळती असते!

ते बघा, फणसाखाली बसलेत. पांढऱ्या सदऱ्यातले. नवा कुर्ता आणला होता मी त्यांना तुमच्या फोटोसाठी, खादीचा, तो घातला नाही. म्हणाले, माझा सदरा धुतलेला हाय. काम बघा त्यांचं, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि माप कसं घेतात माहितीये? पायाचं घेतात तसं! फोन वर्तमानपत्रावर ठेवायचा, कानावरची पेन्सिल काढायची आणि कडेनं फिरवायची. आणि मग — हे ऐका हं — अर्धं बोट जास्त धरायचं. का? तर पोरांच्या वहाणा करताना धरतात म्हणून! वाढता पाय असतो ना. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अहो, फोन काय वाढतो? तर शांतपणे म्हणाले, ‘तू तीन फोन आणलेस माझ्याकडे तीन वर्षांत, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. वाढतो नाय तर काय?’ घ्या! मग पुतण्यानं त्याचं कार्डावर लिहिलं — ‘श्वास घेणारी केस.’ लोकांना फार आवडलं. एकदाच जरा घोटाळा झाला. एका साहेबांचा फोन मुरुडला होडीत चढताना आतून सटकला तो थेट पाण्यात. पण केस? केस हातातच! मी त्यांना तेच समजावलं, साहेब, पकड बघा चामड्याची. नाही, ते परत नाही आले.

बोलवतो ना, बोलवतो. अरे धर्मा... म्हणजे, धर्माजीकाका! या की वर! — नुसती मान हलवतात बघा. लाजरे हो. कलाकार माणूस. नाही, पायबिय दुखत नाही, रोज दोन किलोमीटर चालत येतात. घर जरा गावाच्या बाहेर... म्हणजे कडेला आहे, पण तिथून खाडीचा व्ह्यू असला आहे म्हणून सांगू, तुमचे मुंबईवाले कोट कोट मोजतील. कसं आहे मॅडम, तुम्ही घरच्याच, म्हणून सांगतो. ते वर येत नाहीत ते एका जुन्या गोष्टीवरून. चाळीस वर्षं झाली हो, मी सहा वर्षांचा असेन. शाळेसाठी मला पहिली वहाण करायची होती. माप घ्यायला हे आले, पाऊस तिरपा येत होता, कागद भिजायला लागला, म्हणून हे ओटीवर चढले — इथं, बघा, तुमचा पाय आहे ना, तिथंच — माझा पाय हातात धरला, पेन्सिल फिरवली, मला गुदगुल्या झाल्या, मी हसतोय, हे हसतायत. तेवढ्यात आई बाहेर आली. शेणाची पाटी आणली आणि ओटी सारवायला घेतली. हे उभे आहेत, आणि आई त्यांच्या पायापर्यंत सारवत आली. एक एक पाऊल मागे सरकत गेले ते, पार अंगणात, पावसात. मग मला न्हाणीत नेऊन आंघोळ. झालं, एवढंच! बरं, वहाण केली की नाही? केली. दोन वर्षं पुरली मला. पण माणूस विसरत नाही बघा काही काही गोष्टी. मी तर कधीच विसरून गेलो.

तसं आम्ही मानत नाही हां काही. मी तर मुळीच नाही. आईमुळे सगळं. ऐंशीची झाली, जुनं माणूस, तिला काय सांगणार? आता काल मी यांना म्हटलं, उद्या मॅडम येतायत, ओटीवर बसा, खुर्ची ठेवतो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तर म्हणाले, ‘येतो की. वेणूबाईंनी बोलवायला पाहिजे. एक शब्द. ये म्हणाल्या की आलो.’ एका शब्दासाठी तीनशे नग अडकलेत मॅडम! आता आई कशी म्हणेल? विचारलं का? विचारलं नाही... पण विचारायचं काय त्यात? मला माहीत नाही का माझी आई? देवाला शिवायच्या आधी तीनदा हात धुणारी बाई. हळू बोलतो, आतच आहे ती, देवघरात. एक गंमत सांगू? कोणाला सांगू नका. तिच्या फोनला मी यांच्याच हातचं कव्हर घातलंय. दोन वर्षं झाली! सकाळी फोन देव्हाऱ्यापुढे उभा करते, भजनं लावते, व्हिडिओ कॉलवर नातीला ओवाळते त्याच्यातूनच. मी सांगितलंय तिला, आये, हे रेक्झीन आहे. तिला काय कळतंय? सोय बघायची असते मॅडम, सगळ्यांची मनं सांभाळून धंदा करायचा म्हणजे तारेवरची कसरत असते.

हां, हा बघा चहा आला. ठेव केसर. ही माझी बायको. घ्या मॅडम, कपात तुम्ही घ्या. तो स्टीलचा पेला? तो धर्माजींचा. त्यांचा आवडता. नाही, घरात नसतो, तो गोठ्याच्या खुंटीला असतो, तिथंच बरा, त्यांना हाताशी. तेच धुतात... म्हणजे त्यांना सवय आहे आपलं आपण करायची. अहो, असं काय बघताय? म्हटलं ना, आईमुळे! माझ्या मनात असतं तर... ही परंपरा आहे मॅडम, तुम्हीच म्हणालात ना फोनवर, आम्हाला अस्सल पाहिजे—

आये? तू कधी आलीस? कधीपासून उभी आहेस दारात? काही नाही गो, धंद्याचं बोलतोय, तू जा आत, गुडघे दुखतील. ... काय? कोणी सांगितलं नाही म्हणजे? अगं, तुला सांगून काय उपयोग होता? तू काय ‘ये’ म्हणाली असतीस? ... म्हणाली असतीस? आये, मॅडम बसल्यात, आत्ता नको. ... काय म्हणतेस? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? रेक्झीनला करंजाचा वास येत न्हाय, होय, बरोबर, पण मग बोलली का नाहीस दोन वर्षं? ... मी बोललो नाही म्हणून? वा! ... पेल्याचं काय मध्येच? पेला मी टांगला, हो, मीच टांगला, पण कोणासाठी टांगला? तुझ्यासाठीच ना? तू कधी सांगितलंस ते... तू सांगितलं नाहीस, मान्य, पण माणसानं समजून घ्यायचं असतं ना! मॅडम, हसू नका हो. म्हातारपणी असं होतं, एकाचं दुसरं बोलतात.

आये, पायरी बघून! केसर, धर तिला! नको म्हणते. अगं, कुठं चाललीस? तिकडं ऊन आहे. फोन कशाला काढलास कव्हरातून? कोपऱ्याला उसवलंय? मग मला द्यायचं ना, शंभर पडलीत आत, नवं काढून दिलं असतं! त्यालाच दाखवायचंय? बरं दाखव, पण त्याला वर बोलाव की, एवढी खाली उतरलीस तर एक शब्द बोल, ये म्हण, मॅडमचा कॅमेरा तयार आहे — आये, हे काय! रडतेस काय चारचौघांत? ते सारवणाचं आता काय काढतेस? ते विसरले सुद्धा असतील! विसरलात ना हो काका? ... बघा मॅडम, हात धरून बसवलं त्यांनी आईला. शेजारीच. दगडावर. अहो काका, खुर्चीवर या ना वर! ... इथंच बरं, वारा हाय? वारा इकडंही आहे हो!

मॅडम, तुम्ही कुठं निघालात? चहा? बरं, कार्डाचं आपण बदलू, ‘ओटीवर’ काढून टाकू, ‘फणसाखाली’ लिहू, छान वाटेल, नाही? ... फोटो काढताय? काढा, काढा. दोघांचा? चांगला येईल. तुमचा फोन मागतायत बघा ते, द्या, कागदावर ठेवतील. नंबर कशाला लिहून घेताय त्यांचा? मॅडम, ऐका, सगळा व्यवहार माझ्याकडून असतो, त्यांना फोनवर बोलायची सवय नाही— आये, तू काय सांगतेस नंबर? तुला पाठ आहे?

थांबा, मी पण येतो खाली. एक मिनिट, चपला घालतो. ... काय? गर्दी होतेय? बरं. नाही नाही, चालेल. मी आहे इथं पायरीवर. काका, माप घेताना मॅडमच्या फोनला अर्धं बोट... हां, तुम्हाला माहीतच आहे. आये? अगं, इकडं बघ तरी. ... मी बसलोय हां. या म्हणालात की आलोच. काका? एक शब्द बोला नुसता.

चपला घातल्यात मी.