परक्यांना म्हणायचा शब्द

"चार नंबरची खिडकी बंद आहे."

"ही छत्री कुणाची?"

"सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नाहीत ना?"

"आजोबा, सत-पुई म्हणजे नक्की काय हो?"

काऊलूनच्या इस्पितळात माझ्या मागच्या बाकावर लाऊ आजोबा, त्यांची बायको आणि नात बसली होती. नात टोरांटोत वाढलेली, इथल्या हॉटेलात नुकतीच कामाला लागलेली.

"सत म्हणजे चुकणं. पुई म्हणजे सोबत. तुमची सोबत मध्येच सोडतोय, माफ करा. मेजवानीतून उठताना म्हणायचं, जरा वाकून."

"मग काल जेवताना उठले आणि तुम्हाला म्हटलं, तर हसलात का?"

"घरच्यांना नाही म्हणत, वेडाबाई. ते परक्यांना."

"घरच्यांना काय म्हणायचं?"

"आलोच."

"जन्मभर गिऱ्हाइकांपुढे वाकले तुझे आजोबा. घरी मात्र पाठ ताठ!"

"लाऊ पाक-हुंग! चला, हृदयात नळी घालायचीय. चष्मा, कवळी काढून ठेवा."

आजोबा उठले. चष्मा बायकोच्या हातात दिला आणि तिच्यापुढे जरासे वाकले.

"सत-पुई."

"ए म्हाताऱ्या, बस खाली."

"आजी, अगं बोलावतायत त्यांना!"

"बोलावू देत. आधी नीट बोल म्हणावं."

"बरं बाई. आलोच."

"हं. जा आता."

सकाळी बाजारात हीच बाई माझ्यापुढे उभी होती. तिने ‘रात्री तिघांना पुरेल एवढा’ असं सांगून मासा घेतला होता.