समोरच्या घरातलं मशीन

—नाही, नाही, दार वाजवून उपयोग नाही, समोरची कामावर गेलीय. येईलच एवढ्यात. तुम्ही मदत कार्यालयातले ना? गळ्यातल्या कार्डावरून ओळखलं. या, बसा इथे, आमच्या दारातून तिचं सगळं येणं-जाणं दिसतं — म्हणजे मी बघत नसते हं, दिसतं.

चौकशी? विचारा की, सख्खी शेजारीण आहे मी. गरीब आहे हो ती. इस्पितळात जेवणाच्या गाड्या ढकलते, नवरा नाही, पोरगी एक. भाड्याला सरकार हात देतं, औषधं फुकट, पोरीच्या दातांना तारा बसवल्या त्यासुद्धा फुकट. आणि आमचे हे — इस्त्रीचा शर्ट, कचेरीत टेबल, अन् दाढ किडलीय तर सहा महिने डाव्या बाजूनं जेवतायत. आम्हाला मदत? छे! पगार मर्यादेच्या वर जातो. किती वर? नखाएवढा. कधी कधी वाटतं, ह्यांनी साहेबाला एक शिवी हासडावी आणि खालच्या जागेवर जावं, दाढ तरी निघेल! असो. जळत नाही हं मी कुणावर.

तिलाही कळतं ना हे. मागे तिला मुकादम करत होते, बारा बायकांवर. नको म्हणाली. अहो, पगार चिमूटभर वाढणार आणि भाडं, औषधं, तारा, सगळं जाणार — एक पायरी चढायची आणि दोन मजले खाली पडायचं, कोण करेल? मीच म्हटलं, शहाणी आहेस. अं? हे का लिहून घेताय? कौतुक करतेय मी तिचं! ... मुद्दाम बढती नाकारली तर मदत थांबते? आता गं बाई! पण तुम्ही तर मशीनसाठी आलात ना, कपडे धुण्याच्या? पत्रात तेवढंच होतं — म्हणजे, असेल. लिहितात हो लोक निनावी. एखादीनं खिडकीतून पाहिलं असेल, नवंकोरं मशीन वर चढतंय, इकडे तिचं स्वतःचं धूर काढून बसलंय — फिरतं डोकं माणसाचं. वाईट नसेल ती. पण नवं नव्हतंच हो ते! इस्पितळानं मोडीत काढलेलं, भावानं दुरुस्त करून वरून रंग मारलेला. मला काय माहीत — तिला, त्या लिहिणारीला, काय माहीत? पत्र पेटीत पडलं आणि दुसऱ्याच दिवशी समोरची दारात उभी, "वहिनी, तुमचं मशीन बंद आहे ना, कपडे इकडे टाका." चार महिने झाले. ... परक्यांचे कपडे धुते? धंदा? छे हो, दमडी घेत नाही! आमचेच कपडे ते!

साहेब, ते पान फाडता नाही येत? नंबर असतात पानांना? मग थोडी शाई सांडा, चहा सांडा, आणू चहा? अहो, तुम्हीही आमच्यातलेच, बुटाला टाके दिसतायत तुमच्या. गाडी ढकलून ढकलून मनगटं सुजतात हो तिची, पोरीच्या तारा अर्ध्यात राहिल्या तर — श्श! पायरी वाजली. ते कार्ड आधी खिशात घाला. घाला म्हणते ना!

अगं, ये ये! हे ना? हे मीटर बघायला आलेत. सकाळीच धुतल्यास चादरी? येता येता दोरीवरून काढून घड्यासुद्धा घातल्यास? ठेव, आत ठेव... झालं ना मीटर बघून, साहेब? निघा मग.